सुपारी आणि स्वर : मराठी ग्रामीण गायक-वादकांतील कर्करोगाचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेनजीक, पिंपळगाव रेणुकाई हे गाव वसले आहे. मिरचीची मोठी बाजारपेठ अशी त्याची आजची ख्याती असली, तरी त्याच्या नावात देवता आहे ती रेणुका, आणि रेणुका म्हटली की गोंधळ आलाच. गोंधळ्यांच्या दोन पोटशाखांपैकी कदमराई ही तुळजापूरच्या भवानीची, तर रेणुराई ही माहूरच्या रेणुकेची सेवेकरी मानली जाते. संबळ, तुणतुणे आणि झांज एवढ्या सामग्रीवर दिवटीच्या उजेडात रात्रभर आख्यान लावणारा हा वर्ग, गावोगावच्या जत्रांत उतरणारे तमाशाचे फड, शाहीर, भारुडकरी व वाघ्या-मुरळी हे मिळून मराठी ग्रामीण संगीताचा मोठा भाग उभा राहतो. या मंडळींची कला, त्यांची पदे, त्यांच्या वगांची कथानके यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ती कला ज्या मुखातून व कंठातून निघाली, त्या मुखकंठाचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

आरंभ एका शब्दापासून करणे सोयीचे होईल. तमाशाच्या व्यवसायात कार्यक्रम ठरविणे यास ‘सुपारी देणे’ व तो स्वीकारणे यास ‘सुपारी घेणे’ म्हणतात. चैत्रातील यात्रांच्या तोंडावर नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा-पंच तेथे येतात, आणि ‘सुपारी’ पक्की होते. गोंधळाचे निमंत्रणही सुपारीनेच दिले जाते. मांडलेल्या चौकात विड्याची पाने व सुपारी यांवाचून पूजा लागत नाही. बैठकीच्या लावणीत विडा हा शृंगाराचा संकेत ठरला, तर दरबारी भाषेत विडा उचलणे म्हणजे प्रतिज्ञा करणे. तात्पर्य, कलावंताचा मान, त्याचा करार आणि त्याचा विषय या तिन्ही ठिकाणी तांबूल उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूयुक्त विडा कर्करोगजनक ठरविला, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात तंबाखूविरहित सुपारी हीदेखील स्वतंत्रपणे कर्करोगजनक असल्याचा निर्णय दिला. ज्या वस्तूने कलावंताला बोलावणे धाडावयाचे तीच वस्तू त्याच्या मुखाला घातक ठरावी, हा योगायोग भाषेच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

सुपारी व पान हे या देशात प्राचीन होत. तंबाखू तशी नव्हे. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. अकबराचा वकील असद बेग हा विजापूरच्या दरबारी गेला असता तेथे ती त्याच्या दृष्टीस पडली, आणि १६०४ च्या सुमारास त्याने ती बादशहापुढे नेली. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती दख्खनच्या द्वारे. पुढील दोन शतकांत ती विड्यात शिरली, चिलमीत भरली गेली, चुन्याबरोबर तळहातावर मळली जाऊ लागली, आणि तव्यावर भाजून केलेल्या मशेरीच्या रूपाने स्त्रियांच्या दातांपर्यंत पोचली. शाहिरी वाङ्मयाचा बहर उत्तर पेशवाईतला. म्हणजे डफ-तुणतुण्याची आणि चंचीची सोबत बहुधा प्रारंभापासूनची आहे असे मानण्यास हरकत नाही.

परंतु केवळ रूढी सांगून या सोबतीचा उलगडा होत नाही. तिला व्यवसायाचीच कारणे होती. तमाशाचा खेळ रात्री उशिरा उभा राही; गण, गौळण, बतावणी होऊन वग संपेपर्यंत पहाट होई; लगोलग सामान गाडीत चढवून दुसऱ्या दिवशीचे गाव गाठावयाचे. गोंधळाचेही तेच. अशा जीवनक्रमात झोप आणि भूक या दोहोंना दूर ठेवील अशी स्वस्त वस्तू हवी असते, आणि तंबाखू हे दोन्ही करते. प्रेक्षकांतून येणारा विडा नाकारणे हे अवमानाचे. सोबत्याने पुढे केलेली चिमूट न घेणे हे शिष्टपणाचे. झीलकऱ्याची अडचण आणखी निराळी. मुख्य गायकाच्या मागे उभे राहून वरच्या पट्टीत झील धरावयाची, मधल्या संवादात स्तब्ध राहावयाचे, पुन्हा पद आले की आवाज लावावयाचा, असे त्याचे काम. त्या मधल्या वेळात गालात ‘बार’ भरलेला असणे ही फडातील नित्याची गोष्ट होती. ढोलकीवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले आणि तोंड मोकळे. त्याविषयी वेगळे सांगावयास नको.

या सवयीचा आणि रोगाचा संबंध शास्त्रीय रीतीने जोडण्याचे पुष्कळसे कार्य महाराष्ट्रातच घडले, ही गोष्ट सामान्य वाचकास फारशी ठाऊक नसते. मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुखाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांविषयी डॉल व हिल यांचे विवेचन इंग्लंडमध्ये १९५० साली पुढे आले होते. मुंबईच्या या निबंधाने त्याच पद्धतीचा प्रश्न मुख, घसा व अन्ननलिका यांविषयी विचारला. त्याचा निष्कर्ष संगीताच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. तंबाखू चघळणाऱ्यांत रोगाचा भर मुखाच्या पुढल्या भागावर, विशेषतः गालाच्या आतल्या अस्तरावर आढळतो. विडी ओढणाऱ्यांत तो जिभेचे मूळ, घशाचा खालचा भाग व अन्ननलिका यांकडे सरकतो. गायकाच्या भाषेत सांगावयाचे तर चंची ही शब्द उच्चारण्याच्या जागेवर घाव घालते, आणि विडी ही स्वर उमटण्याच्या वाटेवर.

त्याच काळात दुसरा एक शोध लागला. १९५३ साली मुंबईचे घशाचे शल्यवैद्य डॉ. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानी ताठर होत जाणाऱ्या एका विकाराचे वर्णन केले. आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत तो श्वार्ट्झ यांनी त्याआधी एक वर्ष नोंदविला होता. सुपारीच्या सेवनाने मुखाच्या अस्तराखालील ऊती घट्ट होतात, जबडा उघडणे हळूहळू अवघड होते, आणि अशा मुखात पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो. या विकाराचे पहिले लक्षण असे की तिखट सोसेनासे होते. मिरचीचा घास तोंडात जाताच आग होते. ज्या गावची बाजारपेठ मिरचीची, त्या गावच्या माणसाने ‘तिखट चालत नाही’ असे म्हणू लागावे, ही वैद्याने कान टवकारण्याजोगी गोष्ट आहे. गायकाच्या बाबतीत त्या पुढील अवस्था अधिक दारुण. कारण तोंड दोन बोटांपेक्षा अधिक उघडेना म्हणजे ‘आ’कार संपला. कर्करोग होण्यापूर्वीच त्याची कला त्याला सोडून जाते.

या विषयाचा अभ्यास रुग्णालयाबाहेर, प्रत्यक्ष खेड्यांतून झाला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतविभागाकडून. डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. हे सर्वेक्षण पुणे जिल्ह्यातले. नारायणगाव त्याच जिल्ह्यातले, आणि तमाशाच्या फडांचा मोठा भाग त्याच टापूत वावरणारा. तपासनीसांनी माणसे पाहिली ती ग्रामस्थ म्हणून. कोण शेतकरी, कोण ढोलकीवाला, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. पण मुंबईच्या रुग्णालयापर्यंत कधीही न पोचणाऱ्या माणसांच्या तोंडात वैद्यकाने प्रथमच एवढ्या विस्ताराने डोकावून पाहिले, ते येथे.

आता गायकांच्या बाबतीत एक खास अडचण विचारात घेतली पाहिजे. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे प्रारंभीचे चिन्ह म्हणजे आवाज बसणे. दोन-तीन आठवड्यांत न सुधारणारा घोगरेपणा हा तपासून घ्यावा, असे वैद्य सांगतात. परंतु सात-आठ महिन्यांच्या हंगामात उघड्या मैदानावर, पुष्कळदा ध्वनिवर्धकाशिवाय ओरडून गाणाऱ्या माणसाचा घसा बसलेलाच असावयाचा. तो बसला की जेष्ठमध, खडीसाखर, लवंग. फार तर दोन रात्री मौन. किंबहुना शाहिरी गायनात किंचित फुटलेला, राकट आवाज हा दोष न मानता ढंग मानला जातो. इतर धंद्यांत जे लक्षण माणसाला वैद्याकडे नेते, तेच या धंद्यात नित्यक्रम म्हणून खपून जाते. उपचार लवकर मिळाल्यास स्वरयंत्राचा कर्करोग बरा होण्याची शक्यता बरीच असते. उशीर झाल्यास स्वरयंत्रच काढून टाकावे लागते. सुश्रुताने कंठरोगांची गणना करताना ‘स्वरघ्न’ नावाचा एक रोग सांगितला आहे. तो आजच्या कोणत्या व्याधीशी जुळतो हा वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. आवाजाचा नाश ही स्वतंत्र नाव देण्याइतकी मोठी हानी होय, हे त्या जुन्या शास्त्रकारास जाणवले होते, एवढेच पाहावे.

उशीर होण्यास भूगोलाचेही कारण होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबाद येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले ते १९५५ साली, मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकाराने. आणि पुढल्याच वर्षी राज्यपुनर्रचनेमुळे मराठवाड्याची राजधानी मुंबई झाली. भोकरदनच्या बाजूच्या रुग्णाला जालन्यास येऊन मनमाडमार्गे मुंबईची आगगाडी धरावी लागे. परळला पोचल्यावर राहावयाचे कोठे, हा दुसरा प्रश्न. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य रुग्णांना व त्यांच्या नातलगांना आसरा दिला. गाडगे महाराज हे स्वतः कीर्तनकार. खापराचा तुकडा व काठी यांच्या साथीने श्रोत्यांना प्रश्न विचारीत त्यांनी व्यसनांवर आयुष्यभर प्रहार केले. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले. लोककलावंताच्या नावे उभ्या असलेल्या त्या वास्तूत तंबाखूने पोळलेली खेड्यांतील माणसे येऊन राहिली, हा इतिहास कीर्तनपरंपरेच्या ग्रंथांतही नोंदला गेला पाहिजे.

रोगाची मोजदाद करण्याची व्यवस्था या राज्यात तुलनेने लवकर उभी राहिली. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संस्थेने डॉ. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखाली १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे पुणे १९७२, औरंगाबाद १९७८ व नागपूर १९८० अशा नोंदण्या निघाल्या. या सर्व शहरांच्या होत. खेड्यांची पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस सुरू झाली आणि तिने बार्शी, परांडा व भूम हे तालुके घेतले. देशातीलही ती पहिलीच ग्रामीण नोंदणी होय. औरंगाबादची नोंदणी शहरापुरती, बार्शीची तीन तालुक्यांपुरती. त्यामुळे भोकरदन तालुका या दोहोंच्या मध्ये कोरा राहिला. शिवाय या नोंदण्यांची प्रसिद्ध होणारी कोष्टके लिंग, वय आणि अवयव यांनुसार मांडलेली असतात. जिभेचे किती, स्वरयंत्राचे किती, हे त्यांतून कळते. त्यांपैकी कोणाच्या जिभेवर वग होता, हे विचारण्याची ती जागा नव्हे. औरंगाबाद येथे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली उघडल्यापासून मराठवाड्यातील रुग्णांची मुंबईची खेप काही अंशी टळली, ही समाधानाची बाब आहे.

बार्शीच्या ज्या रुग्णालयातून ही ग्रामीण नोंदणी चालली, त्याला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. गायिका जद्दनबाई यांची ही कन्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ३ मे १९८१ रोजी तिचा अंत झाला. चित्रपटसृष्टीतील एका तारकेच्या मृत्यूचे स्मारक बार्शीसारख्या ठिकाणी उभे राहावे आणि त्याचा उपयोग मोडनिंब, जामखेड, परांडा या बाजूच्या खेडुतांना व्हावा, याचे महत्त्व स्त्री कलावंतांच्या संदर्भात अधिकच आहे. बार्शीच्या नोंदणीने ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी असल्याचे दाखविले. त्यानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली एक मोठी तपासणी-चाचणी घेण्यात आली. विषाणूची एकच तपासणी केल्याने या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, असा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. संगीत बारीत व ढोलकीफडात वावरणाऱ्या स्त्रिया याच मुलुखातल्या. त्यांना या रोगाचे भय इतर ग्रामीण स्त्रियांइतके होतेच. वर मशेरीची सवय, आणि दवाखान्यात गेल्यास आपल्या धंद्याचा उल्लेख कसा होईल याचा धाक. येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. या रोगाचा संबंध कलावंतिणीच्या चारित्र्याशी जोडण्याची प्रवृत्ती समाजात आढळते. तिला वैद्यकीय आधार नाही. अल्पवयातील विवाह, अनेक बाळंतपणे आणि तपासणीचा अभाव ही गावच्या पाटलिणीचीही कारणे होत.

नामनिर्देशपूर्वक सांगता येतील अशी उदाहरणे मराठीत थोडी आहेत, आणि त्यांतील दोन एकाच महिन्यातली. निळू फुले हे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेले नट. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव गावोगाव पोचले आणि तेथून ते चित्रपटात गेले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने १३ जुलै २००९ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. भास्कर चंदावरकर हे सतारवादक व संगीतकार. ‘घाशीराम कोतवाल’ या १९७२ च्या नाटकात कीर्तन, लावणी आणि खेळ्यांचे रंग त्यांनी ज्या रीतीने एकत्र गुंफले, त्यामुळे ग्रामीण संगीताला नागर रंगभूमीवर नवे स्थान मिळाले. कर्करोगानेच २६ जुलै २००९ रोजी तेही पुण्यात वारले. १९७५ च्या ‘सामना’ या चित्रपटात फुले यांनी साखर कारखान्याचा सर्वाधिकारी उभा केला, आणि त्याचे संगीत चंदावरकरांचे होते. एकाच कलाकृतीतील नट व संगीतकार तेरा दिवसांच्या अंतराने एकाच रोगाने गेले. या दोन मृत्यूंवरून कारणांविषयी काही अनुमान काढणे योग्य होणार नाही. एका व्यक्तीच्या कर्करोगाचे कारण एका सवयीत शोधणे शास्त्राला मान्य नाही. सवय आणि रोग यांचा संबंध समूहाच्या पातळीवर सिद्ध होतो, व्यक्तीच्या पातळीवर तो संभवमात्र असतो.

रोग कवी-गायकाचे काय करतो, याचा सर्वांत तपशीलवार भारतीय दाखला मराठीबाहेरचा आहे. बंगालचे गीतकार रजनीकांत सेन हे वकिली करीत आणि स्वतःची गीते स्वतः गात. १९०९ साली त्यांना स्वरयंत्राचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात श्वास चालू राहावा म्हणून त्यांच्या गळ्यास छिद्र पाडण्यात आले, आणि आवाज कायमचा गेला. पुढचे महिने ते कागदावर लिहून बोलत. गीते रचणेही थांबले नाही. रवींद्रनाथ ठाकूर त्यांना रुग्णालयात भेटून गेले. १३ सप्टेंबर १९१० रोजी त्यांचा अंत झाला. सेन यांना लिहिता येत होते, म्हणून आवाज गेल्यावरही गीत राहिले. निरक्षर गोंधळ्याच्या किंवा वगसम्राटाच्या बाबतीत हीच घटना घडली असता मुखाबरोबर संहिताही जाते. हा भेद या विषयाच्या गाभ्याचा आहे. ज्याचे आख्यान कोठेही लिहिलेले नाही, त्याच्या जिभेवरील शस्त्रक्रिया ही वाङ्मयेतिहासातली घटना असते.

तुलनेसाठी अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण संगीताकडे पाहता येईल. ‘कंट्री’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या संगीताचे केंद्र टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर. टेनेसी आणि शेजारचे केंटकी हे दोन्ही तंबाखूच्या पिकाचे प्रदेश. तेथील पहिला मोठा गायक जिमी रॉजर्स १९३३ साली क्षयाने वारला. त्या पिढीचा शत्रू क्षय होता. पुढल्या पिढ्यांत कर्करोगाने तिची जागा घेतली. रॉजर मिलर हा गीतकार-गायक १९९२ साली फुप्फुस व घशाच्या कर्करोगाने गेला. चार्ली लूव्हिन २०११ साली स्वादुपिंडाच्या, टोबी कीथ २०२४ साली जठराच्या कर्करोगाने. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांत इतरांच्या गाण्यांना साथ करणाऱ्या वादकांतील पियानोवादक फ्लॉइड क्रेमर १९९७ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने आणि गिटारवादक चेट ॲटकिन्स २००१ साली कर्करोगाने निवर्तले.

या तुलनेत दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली, तेथेही संगीताचा यजमान तंबाखूच होती. नॅशव्हिलचा सुप्रसिद्ध नभोवाणी कार्यक्रम १९३९ पासून देशभर ऐकू जाऊ लागला तो ‘प्रिन्स अल्बर्ट’ या तंबाखूच्या पुरस्काराने, आणि १९५७ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ग्रामीण गायकांचा फिरता ताफाच बाहेर काढला. आपल्याकडे जे काम विड्याने व सुपारीने रूढीच्या वाटेने केले, ते तेथे कंपनीने कराराच्या वाटेने केले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तेथे साथीदाराचाही मृत्यू नाव, तारीख आणि रोग यांसह नोंदलेला सापडतो; कारण ध्वनिमुद्रणावर, वादक-संघाच्या वहीत आणि वृत्तपत्रात त्याचे नाव आधीपासून होते. आपल्याकडे फडाला नाव मालकाचे, कवनाला नाव शाहिराचे. झीलकरी आणि तुणतुणेवाला यांची नावे हस्तपत्रिकेवरही येत नसत. जिवंतपणी जो नोंदीत नव्हता तो मृत्यूनंतर नोंदीत येणे कठीण. २०१५ च्या फेब्रुवारीत माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे मुखाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा तंबाखूविषयी महाराष्ट्रभर चर्चा झाली. फडातील माणसाच्या वाट्याला ती येत नाही.

तथापि, या मंडळींची नावे सर्वस्वी नाहीशी झाली असे समजण्याचे कारण नाही. संशोधकाने पाहावा असा एक साठा शासनाच्या दप्तरात आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना या राज्यात १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या नियमांत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, अर्धांगवायू यांसारख्या व्याधींनी ग्रासलेल्या कलावंतांचा स्वतंत्र उल्लेख केलेला आढळतो. शासनाच्या कागदावर कलावंत आणि कर्करोग हे दोन शब्द शेजारी यावेत, असे हे जवळजवळ एकमेव ठिकाण. अर्जदाराने आपल्या कलासेवेचे पुरावे जोडावयाचे, जिल्ह्याच्या समितीने ते पाहावयाचे, आणि राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीनुसार अ, ब, क अशी श्रेणी ठरावयाची, असा क्रम दीर्घकाळ चालला. गावच्या गोंधळ्याच्या किंवा ढोलकीवाल्याच्या वाट्याला साहजिकच शेवटली श्रेणी येई. २०२४ पासून श्रेणीभेद न ठेवता सर्वांना दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरले. जत्रेत गायिल्याचे सरपंचाचे पत्र, जुन्या हस्तपत्रिकेचा तुकडा, अशा कागदांचे मोल साहित्याच्या इतिहासकाराला निराळे सांगावयास नको.

तंबाखूविरुद्ध शासनाने केलेल्या उपायांचा मागोवा थोडक्यात घेता येतो. गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ साली बंदी घातली. ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ साली ती पुन्हा आली. गुटखा हा फडातला नवा पाहुणा. चंची उघडून, पान पुसून, चुना लावून, सुपारी कातरून विडा करण्यास वेळ लागे, आणि त्या वेळाने काही मर्यादा आपोआप पडे. पुडीने ती मर्यादा काढून टाकली. सुपारी व तंबाखू आयतीच एकत्र, खिशात मावेल एवढी, आणि चालत्या गाडीतही तोंडात टाकता येईल अशी. पूर्वी मोठ्या वयाच्या माणसांचा मानला जाणारा जबडा आखडण्याचा विकार तरुणांत दिसू लागला, तो या पुडीनंतर.

व्यसनमुक्तीच्या प्रचाराला शासन आणि सामाजिक संस्था यांनी पुन्हा लोककलेचाच आश्रय केला. भारूड, पोवाडा आणि पथनाट्य यांतून तंबाखूचे दुष्परिणाम सांगणारे कार्यक्रम गावोगाव झाले आणि होतात. नाथांच्या भारुडात व्यसनी माणसाला जो चिमटा काढलेला असे, त्याच चालीवर नवी रचना बसविली जाते, श्रोते हसतात. कार्यक्रम संपल्यावर पारावर बसलेल्या मंडळींतून पानाचे तबक फिरते, गावकरी भारुडकऱ्यापुढे ते आदराने धरतात, आणि पुढील वर्षाच्या जत्रेची सुपारी त्याच तबकातून उचलून त्याच्या हातावर ठेवली जाते.